न धरणारी झाडं

पाणखोल पुनर्वसन गावठाण,
ता. लांजा
१९ नोव्हेंबर २०२३

भावोजी, जय भीम.

पत्र उघडलं की आधी शेवट वाचायची तुमची खोड मला ठाऊक आहे, म्हणून बातमी पहिल्याच ओळीत लिहिते. आपले रातांबे कळ्यांवर आलेत.

फोन करणार होते. पण ह्या कातळाच्या सड्यावर रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीजवळ. शिवाय तुमच्या गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून फोनवर मी एकटीच बडबडते आणि पलीकडून नुसता पंखा ऐकू येतो. त्यापेक्षा पत्र बरं. तुम्हीच मला लग्नानंतर हातात पाटी देऊन लिहायला शिकवलंत, तर आता भोगा.

काल यमुनाबाई काठी टेकत टेकत बागेत आल्या. एका झाडाखाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गो शालन, ह्या काय बघ. माझे डोले गेले की झाडाला खराच काय आलाय?" मी फांदी वाकवून बघितली. हिरव्या-पिवळ्या बारीक कळ्या, गुच्छच्या गुच्छ. मग आम्ही दोघी झाडाझाडाखाली फिरलो. दोनशेतली एकशे ऐंशी जगलीत, त्यातली बहुतेक कळ्यांवर आहेत. तुम्ही पाणखोलातून पिशवीत बी घेऊन आलात, त्याला नववं वर्ष लागलं. पाणखोल पाण्याखाली गेलं आणि त्याची झाडं इथे कातळावर उभी राहिली.

तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण आमच्या बायकांच्या गटाचं सगळं ह्या झाडांवर आहे. शेड बांधून चार वर्षं झाली, आमसुलं वाळवायचे ट्रे आहेत, कोकमाचं आगळ भरायच्या बाटल्या आहेत, आणि रातांबे मात्र बाहेरून आणायचे. ते आता मिळतच नाहीत, मोठे कारखानेवाले फळ झाडावर असतानाच ठरवून टाकतात. गेल्या मे महिन्यात जेमतेम तीन आठवडे काम झालं. एक्केचाळीस घरांतली सोळा बंद आहेत, आणि काम मिळालं नाही तर आणखी बंद होतील. आपलं फळ आलं की एप्रिलपासून दिवाळीपर्यंत शेड चालेल, आणि बायका इथेच राहतील.

तब्येत कशी आहे ते खरं लिहा.

तुमची,
शालन


बदलापूर
४ डिसेंबर २०२३

शालन, जय भीम.

तब्येत विचारू नकोस, म्हणजे मला खोटं लिहावं लागणार नाही. सूनबाई दीक्षा सगळं वेळच्या वेळी करते, राकेश ऑफिसातून आल्यावर पाय चेपतो. एवढं पुरे.

तुझं पत्र मी शेवटापासून नाही, सुरुवातीपासून वाचलं, आणि मग तीन वेळा वाचलं. दीक्षाने विचारलं, "काय झालं बाबा?" बोलता येत नाही, म्हणून पाटीवर लिहिलं, "कळ्या आल्या." तिला वाटलं, मी खिडकीतल्या मोगऱ्याबद्दल बोलतोय.

तुला तो दिवस आठवतो का? पुनर्वसनाचे साहेब पाणखोलात आले होते, आपण सगळे समाजमंदिरात बसलो होतो. ते म्हणाले, "गुरुजी, रातांब्याची दोनशे कलमं तयार आहेत, फुकट आहेत, चार-पाच वर्षांत फळ देतील." मी उभा राहिलो आणि म्हणालो, साहेब, आमचं घर पाण्यात चाललंय, शेत चाललंय, निदान बी तरी आमचं राहू द्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्या यमुनाबाई म्हणाल्या होत्या, "फुकाट मिळताय तां घेवा, मास्तरा, उगीच भाषण नको." त्यांच्या त्या वाक्याला मी नऊ वर्षं भ्यालोय. सात घरांच्या सात झाडांचं बी मी स्वतः धुऊन, राख लावून आणलं होतं. आता जाऊन सांग त्यांना, मास्तराचं भाषण फळाला आलं.

मी तीस वर्षं शिकवलं. मुलं शिकली, गेली, त्यात नवल नाही. पण गावासाठी म्हणून माझ्या हातून एकच गोष्ट झाली, ती ही झाडं. मे महिन्यात त्यांचं आमसूल मला पाठव. मूठभर पुरे.

रामजी


पाणखोल गावठाण
२८ जानेवारी २०२४

भावोजी, जय भीम.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर द्यायला उशीर झाला, राग मानू नका. शेडचं छप्पर माकडांनी फोडलं होतं, ते नीट करण्यात पंधरा दिवस गेले.

रातांब्यांचं म्हणाल तर फुलं झाली. काही गळली. यंदा थंडी पडलीच नाही असं सगळेच म्हणतात. फळ धरलं की कळवीन. लांज्याच्या रोपवाटिकेत शुभंकर म्हणून एक कलमं बांधणारा आहे, तो येऊन बघून गेला. त्याचं म्हणणं काय ते पुढच्या वेळी लिहीन.

हे दर बुधवारी येतात. हातखंब्याच्या हॉटेलात आता त्यांना भटारखान्याचं मुख्य केलंय. तिथे खोली बघून ठेवलीय म्हणतात. मी म्हटलं, राहू दे बघितलेली.

यमुनाबाई बऱ्या आहेत. तुमचा निरोप अजून दिला नाही, त्यांना हल्ली नीट ऐकू येत नाही.

स्वेटर घालत जा.

शालन


पाणखोल गावठाण
२६ मे २०२४

भावोजी, जय भीम.

सोबत आमसूल पाठवतेय. आपल्या झाडांचं आहे. पहिलं वर्ष, म्हणून थोडंच निघालं. रसाची सात पुटं दिलीत. चार पुटं पुरे असं हल्लीच्या पोरी म्हणतात, पण तुम्हाला काळंभोर लागतं. बियांचं तेल काढून मुठेलाचा एक गोळाही घातलाय, टाचांना लावा.

दीक्षाला सांगा, फार उकळू नको.

घाईत आहे. पाऊस यायच्या आत ट्रे उचलायचेत.

शालन


बदलापूर
१४ जून २०२४

शालन, जय भीम.

घन काही गिळता येत नाही, पण दीक्षाने सार केलं आणि मी दोन वाट्या प्यायलो. शालन, तीच चव आहे. पाणखोलचीच. मी डोळे मिटून बसलो होतो, तर राकेश घाबरून डॉक्टरांना फोन करायला निघाला. त्याला पाटीवर लिहून दाखवलं, "मूर्खा, मी सुखात आहे." बऱ्याच दिवसांनी घरात सगळे हसले.

शेजारच्या जोशीबाईंना वाटीभर दिलं. इमारतीच्या वॉचमनला दिलं. तू हसशील, पण सगळ्यांना लिहून सांगितलं की ही माझी झाडं आहेत.

आता महत्त्वाचं. माझ्याबरोबर नोकरीला असलेला आत्माराम गुरुजी तुला आठवत असेल, संगमेश्वरकडचा. त्याचं गावही आता धरणात जातंय. त्यांनाही नव्या जागेवर कलमं देऊ केलीत, काजूची, रातांब्याची. त्याने मला विचारलं, काय करावं? मी चार पानं लिहिली. आपली सगळी हकीकत कळवली आणि म्हटलं, कलमं घेऊ नका, आपल्या गावचं बी न्या, थोडा धीर धरा, पाणखोलकडे बघा. त्याने माझं पत्र गावच्या सभेत वाचून दाखवलं. साठ घरांनी हात वर केले. कलमं नकोत असा अर्ज जुलैअखेर द्यायचाय.

तुझ्याकडे यंदाचं बी असेलच. रातांब्याचं बी सुकलं की उगवत नाही, म्हणून राख लावून लगेच आत्मारामच्या पत्त्यावर पाठव. पत्ता मागे लिहिलाय. एका गावाचं बी दुसऱ्या बुडणाऱ्या गावाला जाईल, ह्याहून मला काय हवं?

रामजी


पाणखोल गावठाण
२१ जून २०२४

भावोजी,

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं. दीक्षाला फोन करून सांगता आलं असतं, पण तुमच्याशी खोटं मी माझ्या हाताने लिहिलंय, तर खरंही माझ्याच हाताने लिहायला हवं.

मी पाठवलेलं आमसूल आपल्या झाडांचं नाही. माझ्या माहेरचं आहे. मे महिन्यात माहेरी गेले, दोन टोपल्या रातांबे आणले आणि तुमच्यासाठी वाळवले.

डिसेंबरात कळ्या उमलल्या तेव्हा शुभंकरला बोलावलं होतं. तो झाडाझाडाखाली गेला आणि हातातल्या खडूने खोडावर खुणा करत राहिला. मला वाटलं, चांगल्या झाडांना खूण करतोय. शेवटच्या झाडाशी आल्यावर म्हणाला, "ताई, खूण केलेली सगळी नर आहेत. ह्यांना फूल येईल, फळ कधीच येणार नाही." खुणा नव्हत्या अशी झाडं पंचावन्न होती. त्यांनाही यंदा पाच-पाच, सात-सात फळं धरली, ती माकडांनी खाल्ली.

मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, आमच्या गावात असं एकही झाड नव्हतं, सगळी धरायची. त्याने विचारलं, "न धरणारं झाड तुम्ही काय करायचात?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काय करायचो? तोडायचो. सात-आठ वर्षांत धरलं नाही की आई म्हणायची, ते चुलीला घे. तिची आईही तेच म्हणायची. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी नर झाडं तोडून जाळली, म्हणून आपल्याला ती कधी दिसलीच नाहीत. शुभंकर म्हणाला, नर झाडं रानात होती म्हणून तुमची धरत होती. बी पेरलं की निम्मी नर निघतात, कधी त्याहून जास्त. कलमाचं तसं नाही, धरणाऱ्या झाडाचीच काडी बांधतात. साहेबांनी तेव्हा हे सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही.

मी तुम्हाला कळवलं नाही, कारण दीक्षाने दिवाळीतच मला सांगितलं होतं की तुमचा आजार परत आलाय. म्हटलं, जितके दिवस आहेत तितके समाधानात जाऊ देत. एवढंसं आमसूल आहे, कोणाचं काय बिघडणार? आता साठ घरांचं बिघडायची वेळ आलीय.

भावोजी, आत्माराम गुरुजींना आजच लिहा. ती माणसं नऊ वर्षं थांबतील, खोडावर खडूच्या खुणा मोजतील आणि मग आमच्यासारखी घरांना कुलपं लावतील. आमची आणखी तीन घरं बंद झाली. यंदा शेड उघडलीच नाही. आनंदीबाई रत्नागिरीत धुणीभांडी करते, कोळंबी सोलायच्या कारखान्यात दोघी जातात. मी इथे आहे ती कशासाठी, हे ह्यांना सांगता येत नाही.

यमुनाबाई चैत्रात गेल्या. तुमचा निरोप मी त्यांना दिला नाही ते बरंच झालं.

मला माफ करा.

शालन


बदलापूर
९ ऑगस्ट २०२४

शालन, जय भीम.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी आत्मारामला लिहिलं. माझी चूक झाली, माझ्यावर विसंबू नका, कलमं घ्या, एवढंच. राकेशने फोनही केला. त्यांनी अर्ज दिला नाही. साठ घरं वाचली, ती तुझ्यामुळे.

तुला लिहायला मात्र मला दीड महिना लागला. पेन धरवत नाही हे खरं आहे, पण ते कारण नाही.

तू माझी माफी मागतेस. तुझं खोटं सहा महिन्यांचं आहे. माझं नऊ वर्षांचं.

सात घरांच्या सात झाडांचं बी मी आणलं नव्हतं. सातही घरांनी मला बी दिलं होतं, त्या पुड्या मी नदीत सोडल्या. दोनशेच्या दोनशे बिया एकाच झाडाच्या होत्या, आमच्या मागल्या दाराच्या. राकेशच्या आईने, हौसाने लावलेल्या झाडाच्या.

हौसा कशी गेली, तुला माहीतच आहे. घर खाली करायच्या नोटिसा आल्या त्या वर्षी तिने अंथरूण धरलं आणि पावसाळ्याआधी गेली. तिचा एक धड फोटोही माझ्याकडे नव्हता. राखही त्याच नदीत सोडलेली, आणि त्या नदीचं आता धरण झालंय. ते झाड तेवढं होतं. मी रोज त्याच्याखाली बसून विचार करायचो की पाणी चढेल तेव्हा हेही जाईल, मग ती होती हे कशावरून सांगायचं?

साहेबांनी कलमं देऊ केली तेव्हा मला वाटलं, दोनशे परकी झाडं सड्यावर येतील आणि हौसाच्या झाडाला जागाच राहणार नाही. मग मी उठून ते भाषण केलं. गाव, बी, ओळख, सगळे शब्द मला येतात, मास्तर आहे. तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी मनात म्हणत होतो, हौसा, तुझी सोय झाली.

बी कुठलंही असतं तरी नर निघालेच असते, हे आता तुझ्या पत्रावरून कळलं. पण कलमं नाकारली ती मी, आणि गावासाठी नाकारली नाहीत. यमुनाबाईंना तेव्हाच कळलं असावं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

झाडं तोडा. हौसाची म्हणून ठेवू नका. मी राकेशला सांगितलंय, माझं काहीही सड्यावर आणायचं नाही.

रामजी


पाणखोल गावठाण
२० ऑक्टोबर २०२४

भावोजी, जय भीम.

झाडं तोडली. परवा आणि काल, दोन दिवस लागले.

मुळासकट नाही तोडली. शुभंकरने सांगितलं, गुडघ्याएवढं खोड ठेवा. त्याला फुटवे आले की धरणाऱ्या झाडाची सरळ वाढणारी काडी आणून त्यावर कलम बांधता येतं. मुळं जुनी आहेत, ती जोर देतील. जगलं तर चार-पाच वर्षांत फळ. बारा नर त्याने राखायला लावले, ते नसतील तर बाकीची धरणार नाहीत. एकशे तेरा तोडली. आम्ही नऊ जणी होतो. गटात एके काळी सव्वीस होतो.

तुमचं पत्र मी कोणाला दाखवलं नव्हतं. पण तोडायला सुरुवात करायच्या आधी सगळ्यांना सांगितलं. खोटं साठवायला आता माझ्याकडे जागा नाही. आनंदीबाई रजा घेऊन आली होती, ती कोयता खाली ठेवून बसली आणि रडायला लागली. म्हणाली, "हौसाक्कानं मला तिच्या न्हाणीत आंघोल घातलीवती गो, माझी आय मेली तवा." मग उठून तिनेच पहिला घाव घातला.

हे बुधवारी आले होते. हातखंब्याची खोली त्यांनी ठरवून टाकलीय, पुढच्या महिन्यात सामान हलवायचं म्हणतात. मी चार-पाच वर्षं मागितली. ते म्हणाले, "चार-पाच वर्सांनी हितं कोण असंल, तूच सांग." कलमं बांधेपर्यंत, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत मी राहणार आहे. त्यानंतरचं माहीत नाही. कलम झाल्यावर दोन उन्हाळे पाणी घालायला लागतं, आणि नऊ जणींतल्या पाच जणींनी डिसेंबरात जायचं ठरवलंय. उरलेल्या चौघी एकशे तेरा झाडांना कुठवर पाणी पुरवणार? कातळावर टाकी आहे ती माणसांपुरतीच आहे.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. भावोजी, मला तुमचा राग आलाय. दीक्षा म्हणते, आता पत्र तीच वाचून दाखवते आणि तुम्ही फक्त बोट हलवता. म्हणजे हे तिच्याही कानावर पडेल, तर पडू दे. तुम्ही आहात तोवरच मला रागवायचंय, मागाहून भिंतीशी भांडून काय करू?

तुम्ही हौसाक्कांसाठी केलंत ह्याचा राग नाही. आम्हाला परकं समजलात, त्याचा आहे. आम्ही काय फक्त टाळ्या वाजवायला बसलो होतो? त्या आमच्या कोणीच नव्हत्या का? माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी केली. आनंदीला त्यांनी न्हाऊ घातलं. यमुनाबाईंशी त्या रोज भांडायच्या, आणि त्या गेल्या तेव्हा यमुनाबाई तीन दिवस जेवल्या नव्हत्या. त्या सभेत तुम्ही भाषण न करता नुसतं म्हणाला असतात, "हौसाच्या झाडाला जागा द्या," तर सड्यावरची सगळ्यात चांगली, मातीची जागा आम्ही त्या झाडाला दिली असती. पाणी आळीपाळीने घातलं असतं. नर निघालं असतं तरी कोणी कोयता लावला नसता. आणि बाकीची एकशे नव्याण्णव कलमं आज फळाखाली वाकली असती, आणि ती एक्केचाळीस घरं उघडी असती.

एकच झाड मागायचं होतं, भावोजी. आम्ही नाही म्हटलं नसतं.

शालन